बिघाड पाण्यात, बदलला बोर्ड: दोन ग्रुपच्या कॉफी मशीनबाबत तक्रार

प्रति,
विभागप्रमुख, विक्रीपश्चात सेवा

विषय: चुकीच्या निदानावर केलेली दुरुस्ती, तिचे आकारलेले पैसे आणि ईएलसीबी (गळका करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) काढून टाकण्याचा सल्ला

महोदय/महोदया,

वाघोलीतल्या आमच्या कॅफेत तुम्ही बसवलेलं दोन ग्रुपचं, म्हणजे कॉफी उतरायच्या दोन तोंडांचं, एस्प्रेसो मशीन (हीट एक्स्चेंजरचं, म्हणजे कॉफीचं पाणी बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत तापतं; 11 लिटरचा एक बॉयलर, 3,000 वॅटचं एलिमेंट, सिंगल फेज) सध्या आठव्या महिन्यात आहे. वॉरंटी बारा महिन्यांची आहे. सहाव्या महिन्यापासून तुमचे तंत्रज्ञ तीनदा येऊन गेले आणि तिन्ही जॉब शीटवर कारण एकच लिहून गेले: ‘हार्ड वॉटर, वापरातील चूक’. त्याखाली मोजमापाचा एकही आकडा नाही. पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) नाही, बॉयलरचा दाब नाही, व्होल्टेजही नाही. तिसऱ्या शीटवर ‘लो व्होल्टेज’ अशी भर आहे. एलिमेंट चालू असताना आमच्या सॉकेटवर 226 व्होल्ट मिळतात, तेव्हा तो मुद्दा इथेच संपवतो.

बाकीचे आकडे आम्ही घेतले, ते खाली दिले आहेत. बहुतेक बिघाडांचं मूळ पाण्यातच आहे हे मान्य. पण ते पाणी तुम्हीच ठरवून दिलेलं आहे, आणि आज ते जड नाही, नको इतकं हलकं आहे.

मुख्य तक्रार वाफेच्या नळीची. नळी उघडली की वाफेआधी दोन-तीन सेकंद उकळतं पाणी उडतं. दूध पातळ होतं, फेस धरत नाही. बॉयलरच्या काचेत पातळी मधल्या खुणेवर हवी, ती माथ्याला टेकलेली असते. म्हणजे बॉयलर जास्त भरतो आणि वाफेला वर जागाच राहत नाही. पहिल्या भेटीत कंट्रोल बोर्ड बदलला गेला, ‘वॉरंटीबाहेर’ म्हणून 9,800 रुपये घेतले गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा माथ्यावर होती.

बॉयलर जास्त भरण्याची कारणं मोजकीच असतात. पाणी भरणारा सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व्ह) पूर्ण मिटत नसेल, एक्स्चेंजरच्या नळीला आतून भोक पडलं असेल, बोर्ड बिघडला असेल, किंवा पातळी बघणाऱ्या प्रोबला पाणी ‘दिसत’ नसेल. चारही तपासायला दीड-दोन तास पुरतात.

पहिली दोन कारणं एकाच चाचणीत निकालात निघतात. बॉयलर थंड करून पातळी मधल्या खुणेवर आणली, काचेवर चिकटपट्टी लावली, मशीनची वीज बंद ठेवली आणि पाण्याचा नळ पूर्ण उघडा ठेवला. सोलेनॉइड गळत असता किंवा नळीला भोक असतं, तर लाइनच्या दाबाने पातळी चढली असती. तासाभरात ती केसभरही हलली नाही. मग मशीन चालू करून प्रोबची तार सोडवली आणि बॉयलरच्या धातूला टेकवली. टिक असा आवाज होऊन पाणी तिथल्या तिथे थांबलं, म्हणजे बोर्डाला इशारा कळतो. शेवटी प्रोब बाहेर काढला. त्यावर क्षार चढला असता तर गोष्ट वेगळी होती, पण सळई चकचकीत होती, नखाला खरखर लागत नव्हती.

उरलं पाणी. प्रोबचं काम अगदी साधं आहे. पाणी सळईच्या टोकाला पोचलं की त्यातून बॉयलरच्या अंगापर्यंत बारीकसा करंट जातो आणि बोर्ड समजतो की पुरे झालं. हा करंट वाहतो तो पाण्यातल्या क्षारांमुळे. आमच्या आरओमधून मशीनला जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस 9 पीपीएम आहे आणि बॉयलरमधल्या पाण्याचा 22. इतक्या पाण्यातून बोर्डाला पुरेल एवढा करंट जात नाही. सळई बुडालेली असली तरी बोर्डाच्या लेखी बॉयलर रिकामाच, म्हणून तो भरतच राहतो.

खात्रीसाठी आरओच्या पाण्यात गाळलेलं कच्चं पाणी मिसळून टीडीएस 110 वर आणला, बॉयलर रिकामा करून पुन्हा भरला. पातळी मधल्या खुणेवर थांबली. लागोपाठ तीनदा करून पाहिलं, तीनदा तिथेच. मग पुन्हा निव्वळ आरओ दिलं, की पातळी माथ्यावर. बोर्डाचा यात काय दोष, हे ज्यांनी तो बदलला त्यांनी लेखी सांगावं. काही बोर्डांवर प्रोबची संवेदनशीलता बदलायची सोय असते. तुमच्या बोर्डावर ती आहे का, हेही कळवा.

हा आरओ पाचव्या महिन्यात तुमच्याच माणसाने बसवला. त्यातला टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू, ज्याने थोडं कच्चं पाणी मिसळता येतं, तो पूर्ण आवळून ठेवलेला होता. घरात प्यायच्या आरओचाही स्क्रू कुणी असा ठेवत नाही. शिवाय इतकं हलकं पाणी तांब्या-पितळेला हळूहळू खातं, ते नुकसान काही वर्षांनी दिसेल.

त्याआधीचे पाच महिने याच्या उलट गेले. खडकवासल्याचं पाणी मिळणाऱ्या जुन्या पेठांत मशीनला फारसं सांभाळावं लागत नाही. आमच्याकडे टँकर आणि बोअर. मशीन बसवताना आम्ही पाण्याचा टीडीएस 640 आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात कठीणपणा 380 पीपीएम लेखी कळवला होता. एस्प्रेसोसाठी कठीणपणा साधारण 50 ते 175 च्या आत ठेवतात, 100 च्या खाली असेल तर बॉयलर सुखी. तरीही तुम्ही फक्त गाळ अडवणारं कार्ट्रिज लावलं. ते माती अडवतं, विरघळलेला क्षार नाही. नंतर आरओ आला, पण मधल्या काळात साचलेला क्षार न काढता.

त्याच क्षाराची दुसरी तक्रार उजव्या ग्रुपची आहे. डाव्या ग्रुपवर 18 ग्रॅम पावडरीतून 27 सेकंदांत 36 ग्रॅम कॉफी उतरते. उजव्यावर त्याच ग्राइंडरची, तेवढीच पावडर, तेवढ्याच कॉफीला 48 सेकंद घेते आणि चव कडवट, ओढलेली लागते. तुमचं निदान: ‘ग्राइंड फार बारीक’. ग्राइंडर एकच, डोस एकच, बास्केटची अदलाबदलही करून पाहिली. मग ग्राइंड एकाच ग्रुपसाठी बारीक कसं होईल? तंत्रज्ञांच्या सांगण्यावरून ग्राइंड जाड केलं तर डाव्या ग्रुपची कॉफी 15 सेकंदांत, फिकी आणि आंबट.

इथे तपासणी आणखी सोपी होती. हँडल न लावता प्रत्येक ग्रुप 10 सेकंद चालवायचा, पाणी मापात धरायचं. डाव्यातून 75 मिलि आलं, उजव्यातून 28. कॉफीचा संबंधच नाही, पाणीच अडतं आहे. ग्रुपच्या वरचं, पाणी सोडणारं 0.8 मिमी भोकाचं जेट काढून उजेडासमोर धरलं. डाव्या जेटमधून उजेडाचा गोल ठिपका दिसतो, उजव्यातून चंद्रकोर. टाचणीने टोकरल्यावर बारीक साखरेच्या दाण्याएवढी पांढरी कपची बाहेर आली आणि पाणी 72 मिलिवर गेलं. (टाचणीने जेटचं भोक मोठं होऊ शकतं, हे आम्हालाही माहीत आहे. दुसरं साधन हाताशी नव्हतं.) तीन दिवसांत ते पुन्हा 40 वर आलं. एक्स्चेंजरच्या नळ्यांत चढलेल्या थराच्या कपच्या सुटून येत आहेत. जेट कितीदाही साफ केलं तरी वरून नवी कपची येणारच.

यावर ‘रोज बॅकफ्लश करा’ असा शेरा आहे. रोज करतो: आंधळी (बिनभोकाची) बास्केट, 3 ग्रॅम डिटर्जंट, 10 सेकंद चालू, 10 सेकंद बंद, पाच वेळा, मग तेवढंच साध्या पाण्याने. बॅकफ्लशने जाळी आणि तीन-मार्गी व्हॉल्व्हमधलं कॉफीचं तेल निघतं. एक्स्चेंजरमधल्या क्षाराला त्याचा धक्काही लागत नाही.

दुसऱ्या भेटीत वाफेतलं पाणी कमी व्हावं म्हणून प्रेशरस्टॅट (दाब ठरवणारा स्विच) फिरवून बॉयलरचा दाब 1.1 बारवरून 1.5 वर नेला गेला. आम्हाला न सांगता, शीटवर न लिहिता. 1.1 बारला आतलं पाणी पुण्याच्या उंचीवर साधारण 121 अंशांना असतं, 1.5 ला 127 च्या आसपास. एक्स्चेंजरच्या मशीनमध्ये कॉफीचं पाणी याच बॉयलरमधून तापून येतं, त्यामुळे ग्रुपमधून पाणी फसफसत, वाफाळत उतरू लागलं आणि कॉफी जळकी. सेफ्टी व्हॉल्व्ह 1.8 बारला उघडतो. काठोकाठ भरलेल्या बॉयलरचा दाब त्याच्या इतका जवळ नेणं हा नुसता हलगर्जीपणा नाही. दाब आम्ही 1.1 वर परत आणला आहे.

व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे बॉयलर तापताना हवा बाहेर सोडणारा आणि निवताना आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह, अडकला आहे. सकाळी काट्यावर 1 बार दिसतो, नळी उघडली की चार सेकंदांत काटा शून्याला. ती वाफ नव्हे, आत कोंडलेली हवा. रात्री मशीन निवताना हवा आत येत नाही, म्हणून बॉयलर नळीतूनच ओढून घेतो. एका सकाळी गरम पाण्याच्या नळाला नासक्या दुधाचा वास आला, तो याचाच. किरकोळ भाग आहे, तीन भेटींत एकदाही उघडला गेला नाही.

ग्रुपचं रबर गॅस्केट झिजणारी वस्तू आहे, त्याचे पैसे आम्ही देऊ. पण 8.5 मिमीच्या जागी 8 मिमीचं बसवलं आहे. हँडल समोर सरळ यायचं सोडून उजवीकडे निघून जातं आणि कडेने थेंब गळतात.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. तिसऱ्या भेटीच्या आधी ईएलसीबी वारंवार पडू लागला. तंत्रज्ञांनी शीटवर नाही, तोंडी सांगितलं, ‘तो काढून टाका, एमसीबी पुरे.’ एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तर पडतो. मशीनच्या स्टीलच्या अंगावर करंट आला आणि ओल्या हातांनी ते धरणाऱ्या माणसाच्या शरीरातून तो गेला, तर एमसीबीला पत्ताही लागत नाही. 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी त्यासाठीच असतो. तो का पडतो हे शोधायला कव्हर उघडावं लागतं, तेवढंच. व्हॅक्यूम ब्रेकरच्या तोंडातून उतू आलेलं पाणी एलिमेंटच्या टर्मिनलवर ठिबकत होतं. तिथे हिरवट-पांढरे डाग अजून आहेत, फोटो जोडले आहेत. एलिमेंटच्या तारा सोडवल्या की ईएलसीबी टिकतो, जोडल्या की पडतो. मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) एलिमेंटचं इन्सुलेशन 0.3 मेगाओम आलं, टर्मिनल पुसून, वाळवून 6 मेगाओम. थोडक्यात, पहिल्याच भेटीत प्रोबच्या पाण्याचा टीडीएस पाहिला असता तर इथवर वेळ आली नसती.

आमच्या मागण्या अशा. बोर्डाचे 9,800 आणि दोन भेटींचे प्रत्येकी 1,500, असे 12,800 रुपये परत करा. बॉयलर, दोन्ही एक्स्चेंजर आणि जेट तुमच्या खर्चाने, मशीन उघडून डीस्केल करा, म्हणजे साचलेला क्षार काढा. वरून आम्लाचं पाणी फिरवून नको, सुटलेल्या कपच्या परत जेटमध्येच अडकतील. व्हॅक्यूम ब्रेकर बदला, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून तसं लिहून द्या, एलिमेंट वाळवूनही 1 मेगाओमखाली येत असेल तर तेही बदला. या मशीनला लागणाऱ्या पाण्याचे आकडे (टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड) कंपनीच्या लेटरहेडवर द्या आणि आरओचं मिश्रण त्या आकड्यांवर लावून द्या. ईएलसीबी काढण्याचा सल्ला लेखी मागे घ्या. आमच्या एकट्यांसाठी नव्हे, हाच सल्ला आणखी किती काउंटरांवर दिला गेला असेल याचा विचार करून. सहाव्या महिन्यापासूनचा काळ वॉरंटीत वाढवून मिळावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या व्याख्येत बसत नाही, असं उत्तर येईल याची कल्पना आहे. त्याच व्याख्येखालचं स्पष्टीकरण, स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांचं, तेवढं आधी वाचावं. काउंटरवर आम्ही दोघे भागीदारच उभे असतो.

सध्या मिसळलेल्या पाण्यावर, 1.1 बारला, फक्त डावा ग्रुप चालवतो आहोत. सोमवारी आमचं बंद असतं, त्या दिवशी माणूस पाठवा. येताना 8.5 मिमीची दोन गॅस्केट, व्हॅक्यूम ब्रेकर आणि 0.8 ची दोन नवी जेट आणावीत. टीडीएस मीटर आमच्याकडे आहे.

आपले,
कॅफेचालक भागीदार, वाघोली, पुणे

सोबत: तिन्ही जॉब शीट आणि पावत्यांच्या प्रती, पाण्याचा तपासणी अहवाल, टर्मिनल व जेटचे फोटो