वर सही केली की माणूस खरं बोलतो?

मा. संपादक,
स. न.

परवाच्या रविवार पुरवणीत माणसं रोजची बारीकसारीक लबाडी का करतात यावर लेख होता, वाचायला मजा आली, पण शेवटी जो उपाय दिलाय की फॉर्मवर सही खाली न घेता सगळ्यात वर घ्या म्हणजे माणूस आधीच सावध होतो आणि खरं लिहितो, तिथे गडबड आहे. हा उपाय ज्या 2012 च्या अमेरिकन शोधनिबंधातून आला तो 2021 मधे मागे घेतला गेलाय.

माणसांच्या वागण्यावर संशोधन करणारे प्राध्यापक डॅन एरिअली धरून पाच जणांचा तो निबंध. त्यातला मोठा प्रयोग कार इन्शुरन्सचा होता, गाडीच्या मीटरचा जुना आकडा कंपनीकडे होताच, दुसऱ्या वेळचा ग्राहकाने स्वतः लिहून द्यायचा, गाडी कमी चालली दाखवली की प्रीमियम कमी. वर सही करणाऱ्यांनी जास्त मैल लिहिले म्हणजे ते जास्त खरं बोलले, असं त्यात म्हटलं होतं. 2020 मधे त्याच लोकांनी आणखी मोठ्या प्रमाणावर परत करून पाहिलं तर सही वर असो की खाली, काहीच फरक नाही! मग 2021 च्या ऑगस्टमधे डेटा कोलाडा नावाने आकड्यांची झाडाझडती घेणारे तिघं प्राध्यापक आहेत त्यांनी ती फाइल उघडून दाखवली. त्यात 500 मैल गाडी चालवणारे जेवढे, जवळपास तेवढेच 40,000 मैल चालवणारे, आणि 50,000 पाशी एकदम ब्रेक, खऱ्या गाड्यांचं असं होत नाही. माणूस हाताने आकडा लिहितो तेव्हा शेवटी दोन-तीन शून्यं ठोकून मोकळा होतो, इथे दुसऱ्या वेळच्या आकड्यांत ती सवय गायबच. शिवाय अर्ध्या गाड्यांचे जुने आकडे एका फाँटमधे आणि अर्ध्यांचे दुसऱ्या! एरिअली म्हणतात डेटा विमा कंपनीकडून तसाच आला, मी हात लावला नाही. ते असो, पण आकडे बनावट होते हे काही लपलं नाही.

याचा अर्थ लेखातलं सगळंच खोटं असा नाही. झ्युरिकचा फाशाचा प्रयोग आहे, फासा एकट्याने टाकायचा, कोणी बघत नाही, जो आकडा सांगाल तेवढे पैसे, फक्त 6 ला शून्य. 5 सांगणारे अर्थातच भरमसाट निघाले, पण 4 सांगणारेही हिशोबापेक्षा जास्त होते. पूर्ण पैसे मिळत असताना एक कमी घेणारा हा माणूस मला अगदी ओळखीचा वाटला.

कारण मी 26 वर्षं एका खाजगी कंपनीच्या अकाउंट्समधे होतो आणि दर जानेवारीत, इन्कम टॅक्समधे सूट मिळावी म्हणून स्टाफ द्यायचा त्या घरभाड्याच्या पावत्या तपासायचो. भाडं वर्षाला 1 लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो म्हणून निम्म्या स्टाफचं भाडं बरोब्बर 8,300. कोणाचा तरी पॅन देऊन 15 हजारही टाकता आले असते, पण तेवढं खोटं कोणाला नको असायचं. बारा महिन्यांच्या बारा पावत्या एकाच बॉलपेनने, एकाच बैठकीत लिहिलेल्या, रेव्हेन्यू स्टँप सगळे एकाच बाजूला तिरके. ही माणसं वाईट नव्हती हो, कँटीनवाल्याने चुकून दहा रुपये जास्त दिले तर जिना उतरून परत देऊन यायची. आणि पावतीवर सही वर असती तरी त्यांनी तीही त्याच पेनने केली असती.

मी कधी कोणाला अडवलं नाही. माझ्या स्वतःच्या पावत्या आईच्या नावावर असायच्या, तिला भाडं म्हणून एक पैसा दिलेला नाही, सही पण मीच करायचो. फक्त दर महिन्याच्या पावतीला पेन बदलायचो.

आपला,
एक रिटायर्ड अकाउंट्सवाला, डोंबिवली
(कृपया नाव छापू नये)