अण्णांची नवी गोळी

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज वाचला. ‘एक गोळी सुरू करायला तीन दिवस ॲडमिट? सरळ बिल फुगवायचे धंदे!’ फुगवणारे आहेतच रे, मी याच व्यवसायात आहे. पण या वेळी डॉक्टरांचं बरोबर आहे.

अण्णांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके बिघडलेत (एट्रियल फिब्रिलेशन), त्यावर सोटॅलॉल द्यायचंय. त्याने ठोके ताळ्यावर येतात, पण ईसीजीतलं क्यूटी नावाचं अंतर, म्हणजे खालच्या कप्प्यांना ठोका देऊन पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, लांबतं. ते ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की हृदयाच्या खालच्या कप्प्यांत जिवावर बेतणारी धडधड सुरू होण्याची भीती असते. माणूस उभ्याउभ्या कोसळतो. हा धोका पहिल्या काही दिवसांत आणि डोस वाढवल्यावर जास्त. म्हणून मॉनिटर लावून ठेवतात आणि डोसनंतर दोन ते चार तासांनी ईसीजी काढून क्यूटी मोजतात. घरी हे कोण करणार?

त्यात ही गोळी बाहेर पडते मूत्रपिंडावाटे. अण्णांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळतात तो रक्तातला कचरा) १.२, रिपोर्टवर बरं दिसतं. पण ७४ वर्षांच्या, ६० किलोच्या माणसात त्याचा हिशेब केला तर मूत्रपिंडं मिनिटाला जेमतेम ४५ मिलिलिटर गाळतायत. म्हणजे गोळी दिवसातून दोनदा नाही, एकदाच. चाळीसच्या खाली असते तर या आजारात सोटॅलॉल देतच नाहीत.

शेजारच्या काकांना घरीच सुरू केली म्हणतोस, ती अमिओडॅरोन असणार, ठोक्यांवरचीच दुसरी गोळी. तिच्यात ही विशिष्ट धडधड क्वचित होते, म्हणून बऱ्याच जणांना ती घरीच चालू करतात. पण ती गरीब गाय नव्हे! थायरॉइड, यकृत, फुप्फुसं सगळ्यांवर नजर ठेवावी लागते आणि रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर त्याचा डोस कमी करावा लागतो. आपल्याकडे ती लिहून देतात आणि थायरॉइडची तपासणी विसरतात, याचा मला जास्त राग येतो.

ॲडमिट करण्याआधी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम बघून घ्यायला सांग. अण्णांचा औषधांचा डबा सोबत ने, अख्खा. पित्ताच्या गोळीत डॉमपेरिडोन असतं, घसा धरला की ते अझिथ्रोमायसिन घेतात. दोन्हींनी क्यूटी आणखी ताणलं जातं. घरी आल्यावर जुलाब लागले तर ‘बघू उद्या’ करू नकोस, पोटॅशियम घसरतं आणि त्या धडधडीचा धोका वाढतो. चक्कर आली तर थेट दवाखाना. आणि गोळी मनाने बंदही करायची नाही.

बिलाचंच म्हणशील तर आयसीयूच हवा का, विचार. मॉनिटर आणि शॉक द्यायची सोय असलेला वॉर्डातला बेड चालत असेल तर उत्तम. शनिवारी मात्र भरती करू नकोस. रविवारी मोठे डॉक्टर सापडत नाहीत. सोमवारी करा, संध्याकाळी मी चक्कर टाकतो.

तुझा,
मन्या