समुद्रात उतरण्याआधी पायांनाही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरून दर्या निवळला की मालवण, तारकर्ली आणि देवबागच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगची लगबग सुरू होते, आणि दिवाळीच्या सुट्टीत तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात होड्यांची दाटी होते. या काळात वाचकांना मिळणारी माहिती बहुधा दर, आरक्षण आणि पाण्याखालची छायाचित्रे एवढ्यापुरतीच असते. मी याच किनाऱ्यावर हौशी डायव्हर्सना शिकवण्याचे काम करतो. ज्या साधनाविषयी सर्वांत कमी विचारले जाते, पण पाण्याखालचा सारा वावर ज्याच्यावर अवलंबून असतो, त्या पायांतल्या फिन्सविषयी (पावलांना बसवायच्या, पुढे चपटे पाते असलेल्या कृत्रिम परांविषयी) आणि ते मारण्याच्या पद्धतींविषयी, म्हणजे किकविषयी, थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

प्रथम पर्यटकांच्या डाइव्हबद्दल. यात मार्गदर्शक पर्यटकाला मागून सिलिंडरच्या वरच्या बाजूला धरून नेतो, त्यामुळे त्याला पोहता येण्याची गरज नसते. म्हणून अनेक ठिकाणी त्याला फिन्स देतच नाहीत, आणि जिथे देतात तिथे हाताला लागेल ती जोडी चढवतात. अनवाणी किंवा सैल फिन्स घातलेला माणूस घाबरला की त्याचे पाय आपोआप खाली जातात आणि टेकायला जागा शोधू लागतात. किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात ती जागा म्हणजे पुष्कळदा प्रवाळाचा गोटा असतो. मालवणचा हा पट्टा १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे, त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळांना संरक्षण आहे. येथील गोट्यासारखे प्रवाळ वर्षाकाठी सेंटिमीटरभर, कित्येकदा त्याहूनही कमी वाढतात. एका टाचेने खरवडला गेलेला पृष्ठभाग भरून यायला किती हंगाम जावे लागतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा. यात पर्यटकाला दोष देता येत नाही. त्याला पाय कुठे ठेवायचे हे कोणी सांगितलेलेच नसते.

याहून माझी अधिक काळजी आहे ती रीतसर प्रशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींची. पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून ही मंडळी प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करायला येथे येतात किंवा अंदमानला जातात आणि त्यानंतर गोव्याचे ग्रँड आयलंड, कर्नाटकातील नेत्राणी, लक्षद्वीप अशी ठिकाणे पाहतात. अभ्यासक्रमात त्यांना मास्कमधले पाणी काढणे, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारे साधन) तोंडातून सुटला तर परत घेणे, जोडीदाराची हवा घेणे हे सारे घोटवून घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पाय मारण्याच्या बाबतीत मात्र बहुतेक ठिकाणी साधी फ्लटर किक, म्हणजे पाय आळीपाळीने वर-खाली मारणे, जेमतेम जमली की शिक्षक पुढे जातात. याचा परिणाम असा की प्रमाणपत्र हातात पडलेला डायव्हर पाण्यात अर्धवट उभा राहून, गुडघे पोटाशी घेत आणि सोडत, सायकल चालवल्यासारखे पाय मारत असतो. त्या हालचालीत श्रम पुष्कळ होतात, पुढे सरकणे नाममात्र होते आणि पात्यांनी लोटलेले बरेचसे पाणी थेट तळावर आदळते.

हे श्रम हवेच्या हिशेबात लगेच दिसतात. बारा लिटरचे सिलिंडर दोनशे बार दाबापर्यंत भरले तर त्यात सुमारे २४०० लिटर हवा असते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असल्यामुळे तेथे प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा लागते. मांडीचे स्नायू शरीरातील सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी आहेत. ते विनाकारण राबवले की शरीरात कार्बन डायऑक्साइड वाढतो, श्वास जलद आणि उथळ होतो आणि त्यातूनच घाबरण्याला सुरुवात होते. ‘माझी हवा सगळ्यांच्या आधी का संपते?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याची फुप्फुसे तपासण्याआधी त्याचे पाय पाहावेत, असे माझे मत आहे.

आता फिन्सच्या निवडीकडे वळतो. दुकानात गेलेला नवखा ग्राहक रंग आणि पात्याची लांबी पाहतो, पण सर्वांत आधी पाहायचे ते पाय कसा बसतो हे. फिन्सचे मुख्य प्रकार दोन. एकात पूर्ण पाऊल बुटात घालावे तसे आत जाते. हे अनवाणी घालतात, वजनाला हलके असतात आणि उबदार पाण्यात होडीवरून उडी मारणाऱ्याला सोयीचे पडतात. दुसऱ्या प्रकारात टाच उघडी राहते आणि मागून पट्टा येतो. त्यात निओप्रिनचे, म्हणजे स्पंजासारख्या रबराचे, मऊ बूट घालावे लागतात. आपल्याकडे खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यात जायचे असेल, किंवा कालवांनी भरलेल्या कातळावरून होडीत चढायचे असेल, तर बूट हवेतच. मात्र बूट आधी घ्यावेत आणि तेच घालून फिन्स घालून पाहावेत. बूट तीन मिलिमीटर जाडीचे की पाच, एवढ्या फरकानेही माप बदलते. पट्ट्यांमध्ये स्टेनलेस स्टीलच्या स्प्रिंगचा पट्टा मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण त्यात ऐनवेळी तुटणारी बकल नसते आणि हलत्या होडीवर एका हाताने तो टाचेवर ओढता येतो.

फिन्स घट्ट झाले तर बोटे बधिर होतात आणि तळपायात गोळा येतो. सैल झाले तर पाऊल आत घसरते, कातडी सोलवटते आणि प्रत्येक किकची अर्धी ताकद त्या घसरण्यातच जाते. भाड्याच्या साहित्यात बहुतेक मापे मोठ्या पायांची असतात आणि त्याचा सर्वाधिक त्रास मुलींना होतो. सैल फिन्समुळे बोटे आखडून धरल्याने पोटरीत गोळा आलेल्या मुलीला ‘तुझा स्टॅमिना कमी आहे’ असे ऐकवले गेल्याचे मी पाहिले आहे. तिला मापाचे फिन्स मिळाल्यावर त्याच दुपारी तिने विनातक्रार दुसरी डाइव्ह पूर्ण केली. जाता जाता सांगतो, पाण्यात पोटरीत गोळा आलाच तर फिनचे टोक हातात धरून आपल्याकडे ओढावे आणि गुडघा हळूहळू सरळ करावा. स्नायू ताणला गेला की गोळा सुटतो.

पात्याच्या बाबतीत सरसकट ‘हे उत्तम’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कडक पाते प्रवाहात जोर देते, पण सवय नसलेल्या मांड्यांना लवकर थकवते. फार मऊ पाते आराम देते, पण ओढ वाढली की पाण्यावर पकड घेत नाही. मधोमध चिरलेल्या पात्याचे फिन्स गुडघ्यांना सुखाचे असतात आणि फ्लटर किकला चांगले चालतात; मात्र पुढे सांगणार असलेल्या फ्रॉग किकला आणि मागे सरकण्याला ते अपुरे पडतात, कारण त्या वेळी पाणी चिरेतून निसटते. आखूड, रुंद आणि झरोके असलेले जाड रबराचे जेट फिन्स गेल्या शतकाच्या साठच्या दशकातले असले, तरी गुहांमध्ये आणि बुडालेल्या जहाजांमध्ये उतरणारे डायव्हर्स आजही तेच पसंत करतात, कारण कमी जागेत त्यांचा नेमका वापर करता येतो. पण ते पाण्यात बुडणारे असतात, आणि हा मुद्दा आपल्याकडे हमखास दुर्लक्षिला जातो. थंड पाण्यात डायव्हिंगचा जाड रबरी सूट घालणाऱ्याचे पाय वर तरंगतात, म्हणून त्याला जड फिन्स उपयोगी पडतात. कोकणच्या कोमट पाण्यात पातळ सूट घालणाऱ्या, मूळच्याच जड पायांच्या माणसाने परदेशी चित्रफीत पाहून तेच फिन्स विकत घेतले, तर त्याचे पाय खाली ओढले जातात आणि त्याची प्रत्येक किक तळाकडे जाते. अशा व्यक्तीने पाण्यात जवळपास तरंगणारे हलके फिन्स घ्यावेत आणि कमरेच्या वजनापैकी थोडे सिलिंडरच्या पट्ट्यावर, खांद्यांच्या बाजूला सरकवून पाहावे.

शरीर आडवे आणि स्थिर राहणे हीच पुढच्या सगळ्या किकची पूर्वअट आहे. फ्लटर किक वाईट नाही. ती नितंबापासून, गुडघा किंचित सैल ठेवून आणि पावलाचे टोक मागे ताणून मारली, तर पृष्ठभागावर पोहताना आणि प्रवाहाविरुद्ध जाताना तिच्याइतकी उपयोगी किक नाही. पण तळाजवळ ती मारली की पात्याचा खाली येणारा फटका गाळ उठवतो. कर्ली नदीच्या मुखापासून दूर नसलेल्या आमच्या पाण्यात वाळूबरोबर बारीक गाळ असतोच, आणि एका माणसाने उठवलेला तो ढग मागून येणाऱ्या चौघांची डाइव्ह वाया घालवतो.

येथे फ्रॉग किक कामास येते. पोटावर आडवे राहून गुडघे काटकोनात वाकवायचे, म्हणजे फिन्स शरीराच्या पातळीच्या किंचित वर राहतात. मग टाचा थोड्या जवळ घेऊन पावले बाहेरच्या बाजूला वळवायची, दोन्ही पाती मागच्या दिशेला पाणी ढकलत गोलाकार आणायची आणि तळवे समोरासमोर आले की थांबायचे. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. शरीर पुढे घरंगळत असताना पाय स्वस्थ ठेवायचे आणि वेग ओसरू लागला की पुढची किक घ्यायची. शिकणारे बहुतेक जण हा विसावा घेत नाहीत. एकामागून एक किक मारत राहतात आणि ‘हिने पुढे जाता येत नाही’ असे म्हणून पुन्हा फ्लटरकडे वळतात. दुसरी सर्रास आढळणारी चूक म्हणजे घोट्याऐवजी गुडघा फिरवणे. या किकची सगळी मदार घोट्यावर आहे, म्हणून घोटे आखडलेल्यांनी घरी जमिनीवर पालथे पडून पावले बाहेर वळवण्याचा सराव करावा.

पाणी कुठे जाते हे विद्यार्थ्याला स्वतःला दिसत नाही, म्हणून मी तलावाच्या तळाशी शिशाच्या वजनांना प्लॅस्टिकच्या हलक्या फिती बांधून ठेवतो आणि त्यांच्यावरून हातभर उंचीने पोहायला लावतो. फ्लटर किकने जाणाऱ्याच्या मागे फिती सैरावैरा हलतात. फ्रॉग किक नीट जमली की त्या जवळजवळ तशाच उभ्या राहतात. काठावर बसलेल्या बाकीच्या मुलांना हा फरक एकदा दिसला की मला वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

जागच्या जागी वळण्यासाठीची हेलिकॉप्टर किक आणि मागे सरकण्याची बॅक किक या दोन्ही फ्रॉग किक पक्की झाल्यावरच शिकाव्यात. हेलिकॉप्टरमध्ये एक पाय अर्धी फ्रॉग किक मारतो आणि दुसरा उलट दिशेला पाणी ओढतो, त्यामुळे शरीर स्वतःभोवती फिरते. बॅक किक सर्वांत अवघड. पाय मागे लांब करून पावले नडगीकडे उचलायची, बोटे बाहेर वळवायची आणि पात्याच्या वरच्या बाजूने पाणी पकडून ते बाहेरून आपल्याकडे ओढायचे. होडी मागे घ्यायची असली की नावाडी वल्हे उलटे मारतो, त्यातलाच हा प्रकार. ती जमायला वेळ लागतो आणि सुरुवातीला शरीर तसूभरही हलत नाही. पण जिला ती येत नाही ती व्यक्ती प्रवाळासमोर छायाचित्र घेताना पुढे वाहत गेली, तर हाताने प्रवाळालाच धरते. पाण्याखाली कॅमेरा नेणाऱ्या प्रत्येकाला ही किक यायलाच हवी, असे मी आग्रहाने म्हणतो.

डायव्हिंगचा व्यवसाय करणाऱ्या माझ्या बांधवांना दोन विनंत्या आहेत. पर्यटकाला फिन्स द्यायचे असतील तर मापाचे द्यावेत आणि कमरेएवढ्या पाण्यात पाच-दहा मिनिटे ते हलवायला शिकवावे. द्यायचे नसतील तर पाय दुमडून ठेवायला सांगावे आणि प्रवाळावर टेकू देऊ नये. दुसरे असे की, प्रत्येक होडीवर चित्रीकरणासाठी कॅमेरा असतोच. तो हसऱ्या चेहऱ्यावर रोखला जातो, तो शिकाऊ डायव्हरच्या मागे राहून दोन मिनिटे त्याच्या पायांवर रोखावा आणि होडीवर परतल्यावर ते चित्रीकरण त्याला दाखवावे. आपले पाय कसे हलतात हे बहुतेकांनी कधीच पाहिलेले नसते, आणि जी चूक शिक्षकाने दहा वेळा सांगून सुटत नाही ती अशी पाहिल्यावर पुष्कळदा सुटते.

शेवटची विनंती शहरांतील जलतरण तलावांच्या व्यवस्थापनांना आहे. या किक समुद्रात शिकण्याच्या नव्हेत. त्या स्थिर, स्वच्छ पाण्यात शिकून मग समुद्रात न्यायच्या असतात. पण सार्वजनिक तलावांत फिन्स घालण्यास बहुधा मनाई असते. इतर पोहणाऱ्यांना पाती लागू नयेत हे त्यामागचे कारण रास्त आहे. तरीही आठवड्यातून एखादा तास, गर्दी नसताना, एक लेन राखून आणि प्रशिक्षक हजर असण्याच्या अटीवर फिन्सना परवानगी मिळाली, तर पुण्या-नाशिकच्या मुलांना हा सराव मालवणला येण्याआधीच करता येईल. अशी सोय करू इच्छिणाऱ्या तलावांच्या प्रशिक्षकांना फितींचा तो प्रयोग आणि किकचा क्रम पावसाळ्यात, आमचे काम बंद असताना, विनामोबदला दाखवायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक डायव्हिंग प्रशिक्षक
मालवण, जि. सिंधुदुर्ग