शॉवेल पाठीवर असू दे

वडोदरा,
१८ जानेवारी

प्रिय विन्या,

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझं बीपी गोळीवर जागेवर आहे. उत्तरायण नेहमीसारखी पार पडली, शिऱ्याने तुझ्या नावाने दोन पेच काटले. आता मुद्द्यावर येतो.

नव्या स्लेडचा, म्हणजे तुझ्या बर्फावरच्या स्नोमोबाइलचा, फोटो पाहिला. मशीन देखणं आहे, अभिनंदन. पण सीटमागच्या टनेल बॅगेला पट्ट्याने बांधलेली ती पिवळी प्लॅस्टिकची शॉवेल, बर्फ उपसायचं फावडं, दिसली आणि माझं मशीनवरचं लक्षच उडालं. वीस हजार डॉलरच्या वर मोजून स्लेड घेतलीस आणि शंभरेक डॉलरच्या वस्तूपाशी हात आखडलास? मंगळ बाजारात दहा रुपयांसाठी तासभर उभा राहणारा तू, मला नवल नाही. पण इथे घासाघीस नको.

आधी जागेचं बोलतो, कारण ते पात्यापेक्षा महत्त्वाचं आहे. शॉवेल अंगावर हवी, बॅकपॅकमध्ये. स्लेडवर नाही. हिमस्खलन होऊन उतार सुटला की मशीन एकीकडे जातं आणि माणूस दुसरीकडे. तू वर राहिलास आणि स्लेड दोन मीटर खाली गेली, तर शॉवेलही तिच्याबरोबर गेली. बीकनच्या रेडिओ संदेशाने मित्र सापडेल, प्रोबची लांब सळई त्याला लागेल, आणि पुढे काय, हाताने उकरणार? कॅनडातल्या फर्नीजवळचं २८ डिसेंबर २००८ चं आठव. अकरा जण होते. पहिल्या लोटात गाडलेल्यांना बाकीचे काढत होते, तेवढ्यात खणणाऱ्यांवरच दुसरा लोट आला. आठ गेले. अशा वेळी अंगावर जे असतं तेवढंच आपलं. शिवाय तुझी शॉवेल तुला काढायच्या कामाची नाही, ती दुसऱ्याला काढायची आहे. म्हणून टोळीतल्या प्रत्येकाकडे स्वतःची पाहिजे, ‘एकाकडे आहे ना’ हे चालत नाही. तीही बॅगेच्या आतल्या कप्प्यात. बाहेर लटकवलीस तर झाडीत अडकते, पडलास की निसटते.

एअरबॅगवरून, म्हणजे हिमस्खलनात फुगणाऱ्या त्या बॅकपॅकवरून, आपलं त्या हिवाळ्यात जे भांडण झालं ते मला पुन्हा उकरायचं नाही. घेतलीस, चांगलं केलंस. ती गाडलं जाण्याची शक्यता कमी करते. पण कुणी गाडलाच, तर त्याला शॉवेलच काढते, आणि घड्याळ फार निर्दय आहे: पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आलेल्यांपैकी दहात नऊ जगतात, अर्ध्या तासानंतर जेमतेम तीनात एक.

आता प्लॅस्टिक का नको. ताजा भुसभुशीत बर्फ ते छान उचलतं, म्हणून दुकानात फसायला होतं. हिमस्खलनाचा ढिगारा वेगळा. घसरताना स्फटिक रगडून बारीक होतात आणि थांबल्याबरोबर एकमेकांना चिकटतात, काही मिनिटांत सगळं काँक्रीटसारखं. त्यात प्लॅस्टिकचं पातं रुतत नाही, वाकून परत उसळतं. थंडीत तडकलं तर संपलंच. अ‍ॅल्युमिनियमच घे, ६०६१-टी६ ही मिश्रधातूची प्रत लिहिलेली असेल तर उत्तम. ‘धातू तो धातू’ हे तुझं कलाभवन कॉलेजापासूनचं पालुपद मला माहीत आहे, तेव्हाही खोटं होतं आणि आताही. यातला टी६ म्हणजे उष्णतेच्या प्रक्रियेने आणलेला कणखरपणा. वेल्ड मारला की त्या पट्ट्यात तो उतरतो आणि पात्याची मान नेमकी तिथेच वाकते. म्हणून दांड्याची खोबण पात्याशी कशी जोडली आहे ते बघ. पत्र्यातच दाबून काढलेली लांब खोबण किंवा चांगले रिव्हेट मला जास्त भरवशाचे वाटतात. पात्याला उभे कणे, म्हणजे उंचवटे, हवेत. दुकानात पातं बुटाखाली दाबून दांडा हलकेच ओढ. मान लवली तर परत ठेव.

पातं मोठं घ्यायचा मोह होईल. नको. दोन ते तीन लिटरचं पुरे. घट्ट ढिगाऱ्याचा घनमीटर चारशे किलोच्या आसपास धर, कधी जास्तच. अडीच लिटरच्या पात्यात काठोकाठ एक किलो, शीग लावून दोन. मीटरभर खोल माणसाला काढायला टनभर बर्फ हलवावा लागतो, म्हणजे पाचशेच्या वर घास. भलं मोठं पातं घेऊन पहिल्या दोन मिनिटांत पराक्रम करशील आणि मग धापा टाकत बसशील. धार सपाट किंवा किंचित गोल असावी, वरची कड पाय देता येईल एवढी रुंद.

आटोपशीर हवी म्हणून आखूड दांड्याची घेऊ नकोस. दांडा आत सरकणारा हवा, पण उघडल्यावर सगळी लांबी नव्वद सेंटिमीटरच्या आसपास भरली पाहिजे. तुझी उंची आणि तुझी कंबर दोन्ही मला ठाऊक आहेत. दांडा लंबगोल असला की फिरत नाही, पिन आपोआप भोकासमोर येते. गोल दांड्यात गोठल्या बोटांनी भोक शोधत बसावं लागतं. पिनेच्या भोकात बर्फ जमतो, म्हणून घरी आल्यावर सगळे भाग सुटे करून वाळव. मूठ डी आकाराची घे. टी मूठ बॅगेत कमी जागा खाते, पण जाड मिटन हातमोजे घातल्यावर हातात बसत नाही.

पातं काटकोनात बसवता येईल अशी मिळाली तर दहा-वीस डॉलर जास्त दे. मग ती आपल्या शेतातल्या फावड्यासारखी ओढायला येते. पुढचा खणतो, मागचा ओढून माल खाली सारतो. आणि खरं सांगायचं तर तुझा रोजचा उपयोग हाच असेल, रुतलेली स्लेड काढणं. गुडघ्यावर बसून पाय ठेवायच्या रनिंग बोर्डखालचा बर्फ ओढून काढ, स्कीपुढचा साफ कर, ट्रॅकच्या पट्ट्यापुढे उतार करून पायाने दाब. फक्त टनेलच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या बोगद्यासारख्या आवरणाच्या, आत वरच्या दिशेने पातं खुपसू नकोस. तिथे कूलर असतो, फुटला तर कूलंट गेला आणि चालत घरी. आणि उतारावर कुणाची रुतली तर दुसरी स्लेड घेऊन त्याच्याकडे जायचं नाही. एका वेळी एकच.

खणण्याची रीत कोर्सात शिकलास, तरी लिहितो. प्रोब लागली की तिथेच राहू दे. तिच्यापासून उताराच्या बाजूला, खोलीच्या दीडपट अंतरावरून सुरुवात. माणसाच्या डोक्यावर उभं राहायचं नाही, त्याची हवेची पोकळी बसते. उपसू नकोस, आधी विटांसारखे तुकडे काप. जास्त हात असतील तर इंग्रजी व्हीच्या आकारात उभे राहा, टोकाचा कापेल, मागचे वल्ह्यासारखं मागे सारतील, आणि दर चारेक मिनिटांनी जागा बदला. टोकावर कुणी त्याहून जास्त टिकत नाही.

सराव घरासमोर कर. नांगरगाडीने रस्त्याकडेला लावलेला आणि रात्रभर गोठलेला ढीग ढिगाऱ्याच्या बराच जवळ जातो. मिटन घालून, डोळे मिटून शॉवेल जोड. पंधरा सेकंदांत जोडता आली पाहिजे. ती पिवळी फेकू नकोस, ट्रेलर साफ करायला ठेव. आणि टोळीतल्या गुरमीतची शॉवेलही बघ, तो तुझंच बघून घेतो. तुझ्यावर काही आलं तर त्याच्याच हातात ती असेल.

मितालीचा निकाल लागला का? नवीन नोकरीचं नक्की झालं का? वहिनींना सांग, लोणच्याचा मसाला दादांबरोबर पाठवतोय. मार्चात येणार असशील तर लिलो चिवडा किती आणून ठेवू ते आधी कळव. आणि शॉवेल कुठली घेतलीस ते त्याहून आधी.

तुझा,
सुध्या