धरण सुरक्षित, घरांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोयना परिसराला धक्का बसला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : ‘धरण सुरक्षित असून नागरिकांनी घाबरून जाऊ नये.’ ते वाचून आम्हा पाटणकरांनाही हायसे वाटते. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपात इथे पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली, ती धरण फुटून नव्हे. ती पडलेल्या घरांखाली सापडली. धरणालाही वरच्या भागात तडे गेले होते. ते दुरुस्त झाले, पुढे जादा बांधकाम करून धरण भक्कम केले गेले. त्या अभियंत्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच. तशी काळजी आमच्या घरांच्या वाट्याला आली नाही, एवढेच म्हणणे आहे.

धक्क्यानंतर मोबाईलवर ‘सह्याद्रीखाली ज्वालामुखी जागा होतोय’ असे संदेशही फिरतात आणि म्हातारीकोतारी माणसे रात्र अंगणात काढतात. आपला काळा कातळ लाव्हाचाच, पण तो थिजून सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. भारतातला जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावर. कराडच्या भूभौतिकी संशोधन केंद्राच्या प्रकल्पात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खोदले गेले. साधारण सव्वा किलोमीटरनंतर कातळ संपला आणि खाली प्राचीन ग्रॅनाइट लागला. वितळलेला रस कुठेही नाही. इथे हलते ती त्या खडकातली जुनी भेग. भारतीय भूखंड उत्तरेकडे रेटला जात असल्याने भेगांवर आधीच ताण आहे. त्यात जलाशयाचे पाणी खोलवर झिरपले की भेगेतला पाण्याचा दाब वाढतो आणि एकमेकांना घट्ट धरून बसलेले खडक सरकतात. कोयनेत १९६१-६२ च्या सुमारास पाणी अडवले, त्यानंतर धक्के सुरू झाले. १९९३ पासून वारणा धरणाच्या बाजूलाही ते वाढले. म्हणजे प्रश्न फक्त पाटणचा नाही, शिराळ्याचाही आहे.

आणखी एक समजूत आमच्याकडे घट्ट बसली आहे : ‘बारीक धक्के बसतात ते बरेच, त्यातून जोर निघून जातो.’ हिशेब तसा नाही. ६ तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला ३ तीव्रतेचे सुमारे ३२ हजार धक्के लागतील. १९६७ चा भूकंप ६.३ तीव्रतेचा होता. बारीक धक्क्यांच्या भरवशावर निर्धास्त राहणे परवडणारे नाही.

जवळपास त्याच तीव्रतेचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला झाला आणि दहा हजारांच्या घरात माणसे गेली. तिथली घरे जाड दगड-मातीच्या भिंतींची, वर मातीचे जड माळवद. आमच्याकडच्या जुन्या भिंतीही तशाच : बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये चिपा आणि मातीचा भराव. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार लांब दगड नसतील, तर हादऱ्याने भिंत फुगते आणि उकलते. आता काळजी वाढवणारी गोष्ट अशी, की मुंबईत माथाडीकाम करणाऱ्या पोराचे पैसे आले की त्याच मातीच्या भिंतींवर थेट स्लॅब पडतो. पोराने घाम गाळून घर पक्के केले, असे आईबापांना वाटते. प्रत्यक्षात त्यांच्या डोक्यावरचे ओझे वाढलेले असते. हे त्यांना कुणी सांगितलेलेच नाही.

उपाय माहीत नाहीत असे नाही. जोते, दारे-खिडक्यांची वरची पातळी आणि छताखाली असे भिंतीभोवती सलग काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यांत उभ्या सळ्या, जुन्या भिंतीत आरपार दगड किंवा सळईचे टाके. भारतीय मानक ब्युरोने अशा कच्च्या बांधकामांसाठी वेगळे मानक काढले आहे. गवंड्यांपर्यंत ते मराठीत, चित्रांसह पोचायला हवे. घरकुलाचा हप्ता सोडताना पट्टा घातला की नाही, एवढे जरी पाहिले तरी बराच फरक पडेल. आमच्या तालुक्यात सरकारी नोकरीत सवलत देणाऱ्या भूकंपग्रस्त दाखल्यासाठी नातवंडे आजही धावपळ करतात. ती नोकरीची गरज आहे, तिला नावे ठेवत नाही. पण ज्या घरात ती झोपतात त्याची पाहणी व्हावी म्हणून अर्ज करायला कुठली खिडकी आहे?

आपणास विनंती, की पुढच्या धक्क्याच्या बातमीसाठी आपल्या वार्ताहराने धरणाबरोबरच तहसील कार्यालयातही विचारावे : शाळा, अंगणवाड्या आणि जुन्या घरांपैकी किती भिंती तपासल्या, आणि कोणत्या गावांत?

आपला,
एक वाचक
पाटण, जि. सातारा