गिधाडांचा माहितीपट मंडईतल्या नाटकांच्या मंडपात दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षे पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. मूल तालुक्यात आणि आसपासच्या गावांत मोटारसायकलवर फिरून ढोरांना सुया टोचल्या. निवृत्त झालो तरी लोक अजून ‘डाक्टर’च म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात मुलीने मला नागपूरला एका वन्यजीव चित्रपट महोत्सवाला नेले. पंधरा-वीस तरुण पदरचे पैसे घालून तो भरवतात. दारावर चहा देणारा मुलगा बँकेत नोकरीला, खुर्च्या लावणारी मुलगी अजून कॉलेजात. तिथे गिधाडांवरचा एक माहितीपट लागला. फांदीवर एक गिधाड बसले होते आणि त्याची मान हळूहळू खाली लोंबत गेली. पुढचे मला धड पाहवले नाही. तशी मान टाकून बसलेली गिधाडे मी १९९८ च्या सुमारास आमच्या नाल्याकाठच्या अर्जुनावर पाहिली होती. सोबतचा गुराखी म्हणाला, ‘झोपले असतीन.’ मलाही तसेच वाटले.

त्या वर्षांत माझ्या पिशवीत डायक्लोफेनॅक या दुखणे आणि सूज उतरवणाऱ्या औषधाच्या बाटल्या असायच्या. औषध स्वस्त आणि गुणाचे. लंगडणारा बैल दुसऱ्या दिवशी कामाला उभा राही, म्हणून शेतकरी तेच मागत. पण सुई दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर मेले तर औषध त्याच्या मांसात राहते आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. शास्त्रज्ञांनी हे २००४ मध्ये सिद्ध केले, २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळपास संपली होती, शंभरातले एक उरले असेल नसेल. मेलेल्या शंभर ढोरांत असे औषध अंगात असलेले एखादे निघाले तरी गिधाडे संपायला पुरते, कारण एका बैलावर गिधाडांचा थवाच्या थवा बसतो. आणि मादी वर्षाला अंडे घालते एकच. मी टोचलेले बैलही त्या ढोरांत होते, हे माझ्या मनातून जात नाही.

माहितीपट संपल्यावर सभागृहात प्रश्न आले ते कॅमेऱ्याचे आणि लेन्सचे. विचारणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, ती जिव्हाळ्याने आलेली माणसे होती. पण त्यांच्यापैकी कोणाच्या दावणीला बैल नव्हता. म्हणून मी त्या पोरांना म्हटले, हा माहितीपट आमच्या गावाला आणा.

फेब्रुवारीत चौघे आले. जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात पडदा बांधला. निवेदन इंग्रजीत, खालची अक्षरेही इंग्रजी, त्यात आमच्या म्हाताऱ्यांची नजर अधू. शेवटी आवाज बंद केला आणि माईक मी हातात घेतला. आपल्या बोलीत सांगत गेलो आणि माझ्या पिशवीतली बाटलीही सांगितली. गाव गप्प झाले. मग मागून एक जण उठला, ‘मंग आता ढोराले कोन्ती सुई माराची, डाक्टर?’ नागपूरच्या सभागृहात न आलेला प्रश्न तो हाच. मेलॉक्सिकॅम मागा, म्हटले, ते गिधाडांना बाधत नाही. अॅसिक्लोफेनॅक मागू नका, ते ढोराच्या अंगात गेले की त्याचे डायक्लोफेनॅकच होते. त्यावर आणि तसल्याच किटोप्रोफेनवर जनावरांसाठी २०२३ मध्ये बंदी आली, पुढे निमेसुलाइडवरही. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या ढोरांना टोचल्या जात, त्या २०१५ मध्ये बंद झाल्या. रात्री अकरापर्यंत लोक नावे लिहून घेत होते. दोघांनी तर विड्यांच्या पुड्यावरच लिहिली.

हे आत्ताच का, तर जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडे ताडोबात बोटेझरीला आणली आणि त्याच वर्षी पावसाळ्यात मोकळी सोडली. त्यातले एक उडत थेट तामिळनाडूपर्यंत गेले. एवढे लांब जाणारे पाखरू जंगलाच्या हद्दीत काय राहणार! त्याची पंगत गावोगावच्या मेलेल्या ढोरांवरच बसणार.

महोत्सवाच्या पोरांचे एक मात्र चुकते. गावातले खेळ ते वन्यजीव सप्ताहात, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठेवू पाहतात. तेव्हा आमच्याकडे धान निसवलेले असते आणि रानडुकरांपायी घरातला कर्ता माणूस रात्रभर जागलीला असतो. पटांगणात येतील ती फक्त लेकरे. त्यापेक्षा दिवाळीनंतरचा हंगाम धरा. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, भाऊबीजेपासून मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, गावोगाव नाटके लागतात. पाहुणेरावळे येतात, लेकी-जावई येतात. नाटकाचा पडदा वर जायला रात्रीचे दहा-अकरा वाजतात, पण जागा धरायला माणसे आठपासूनच चटया टाकून बसलेली असतात. मंडप तयार, वीज तयार, भोंगे तयार. त्या वेळात वीस मिनिटांचा माहितीपट सहज बसतो. नाटक मंडळांशी आणि गावच्या आयोजकांशी बोलायचे काम माझ्याकडे द्या; दोन गावांनी हो म्हटलेच आहे. फक्त निवेदन मराठीत करून आणा. तेही जमत नसेल तर आवाज बंद ठेवा, मी बोलतो.

आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना, औषध दुकानदारांना माझी विनंती, त्या रात्री मंडपात या. लोक औषधांची नावे विचारतील, तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही समोर हवेत.

पोरांच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय माझ्या घरी आहे. पडद्याचे कापड वाऱ्याने फार हलते, म्हणून गोठ्याची पूर्वेकडची भिंत मी चुना मारून ठेवली आहे. रंगीत तालीम तिथे करता येईल.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. मूल, जि. चंद्रपूर
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.)