सोनूच्या सर्टिफिकेटचा हिशोब

जळगाव,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय हिरामण,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी पाळधीला हायवेच्या कडेला उभा होतो. ट्रकच्या आवाजात अर्धं ऐकू येत नव्हतं, म्हणून नुसतं 'हं, हं' करत राहिलो. तो तू सोनूच्या पुण्याच्या कोर्सला होकार धरलास आणि तुझ्या त्या धाकट्या भावाने पुण्याला खोली बघायला सुरुवात केली म्हणे! तो होकार नव्हता भो.

त्याने पाठवलेलं माहितीपत्रक मोबाइलवर मोठं करकरून वाचलं. क्रिमिनल जस्टिसचं, म्हणजे पोलीस-कोर्ट-तुरुंगाच्या कामाचं सर्टिफिकेट, दहा महिने, फी साठ हजार. वरच्या फोटोतला पोलीस आपल्याकडचा नाही, टोपीवरूनच कळतं. अमेरिकेत गावोगावचं पोलीस खातं वेगळं, भरतीचे नियमही ज्याचे त्याचे. काही खाती कॉलेजातलं शिक्षण मोजतात, त्यामुळे तिकडे अशा कागदाला थोडंफार वजन असेल. आपल्याकडे शिपाई व्हायला बारावी, मग मैदानी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. सोळाशे मीटर पळताना सर्टिफिकेट खिशात आहे की नाही, कोण बघतो? पीएसआयच्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते, आणि बीए तर तो झालाच आहे.

आता हिशोब. फी ६०,०००. खोली आणि मेस मिळून महिना ८,०००, म्हणजे ८०,०००. इथवर तुम्हीही आलात. पण बियाण्याच्या दुकानातला अकरा हजार पगार दहा महिने बुडणार, ते १,१०,००० कोणी धरलेच नाहीत. झाले अडीच लाख. केळीला हजाराचा भाव धरला तर अडीचशे क्विंटल, जवळजवळ दोन ट्रक माल. आणि यंदा सीएमव्हीपायी, त्या केळीवरच्या व्हायरसपायी, किती रोपं उपटून फेकलीस ते तूच सांगत होतास.

बदल्यात काय? पत्रकात 'पंचवीस हजारांपासून' छापलंय. माझ्याबरोबर असाच कोर्स केलेल्या तिघांना फोन लावला. एक सिक्युरिटी एजन्सीत सुपरवायझर आहे, त्याच्याकडे नव्याने येणाऱ्या पोरांना पंधरा देतात. दुसरा कुरिअरमध्ये, तिसरा शेती करतो. म्हणजे पगार दुकानापेक्षा चार हजार जास्त आणि पुण्याचा खर्च आठ हजार. नोकरी लागली तरी पोरगा दरमहा चार हजारांनी खालीच.

तू म्हणशील, तू नाही का केलंस? केलं ना. २०१६ साली, सहा महिने, अठ्ठावीस हजार. 'पैसा काय झाडले लागतस का रे?' असं म्हणत म्हणतच आईने पोत मोडली होती. संस्थेचं नाव घेत नाही. 'शंभर टक्के नोकरी' म्हणून त्यांनी शेवटी एका मॉलच्या दारावर उभं राहण्याचा पत्ता हातात ठेवला. मी परत आलो. पण खरी गंमत त्यानंतरची, आणि ती तुला कधी सांगितली नाही. गावातली पोरं मला 'साहेब' म्हणायला लागली होती. आता साहेब कापूस वेचायला कसा जाणार? दीड वर्ष घरात बसून काढलं. भरतीला पळायचं तर अठरा वर्षांच्या पोरांबरोबर पळायची लाज. खुल्या वर्गाची अट २८ ची, ती माझी त्या दीड वर्षातच उलटून गेली. मला अडीच लाखांपेक्षा सोनूच्या त्या लाजेची जास्त भीती वाटते.

आज मी विम्याच्या अपघाताच्या केसेस तपासतो. महिन्याला कधी वीस हजार, कधी नऊच. तिथे सर्टिफिकेट कोणी मागितलं नाही, मोटारसायकल आहे का एवढंच विचारलं. काम शिकवलं कोर्टातल्या एका रिटायर कारकुनाने. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक पंचनामा पुढे टाकला आणि म्हणाले, 'यात चूक शोध.' मी तीनदा वाचला. रस्ता डांबरी, पूर्व-पश्चिम, ट्रॅक्टरची ट्रॉली कडेला, सगळं ठीक. मग त्यांनी नखाने दोन जागा दाखवल्या. वर तारीख डिसेंबरातली, वेळ संध्याकाळी सव्वासात. खाली मजकूर, 'दिवसाच्या उजेडात पाहणी केली.' तेव्हापासून पंचनामा हातात आला की मी आधी घड्याळ बघतो.

पत्रकात एक गोष्ट मात्र खोटी नाही. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने घटनास्थळी जायचंच, असं त्यात आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत. झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण आलं. काम वाढणार हे खरं. पण त्या जागांना विज्ञानाची पदवी लागते, आणि सोनूचा विषय इतिहास. सरकारी वकील व्हायचं तर आधी एलएलबी.

तेव्हा कायद्याचीच ओढ असेल तर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी करू दे, जळगावात. अडावदहून एसटीने ये-जा होते. नुसता विषय समजून घ्यायचा असेल तर इग्नूचा क्रिमिनल जस्टिसचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, नोकरी सांभाळून होतो. हवालदाराला, वकिलाला तो कामाचा. आणि वर्दीच हवी असेल तर दुकान सोडायचं नाही, पहाटे पळायचं. शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून, वर महागाई भत्ता. सोनू पंचवीसचा, तुमचं ओबीसीत ३३ पर्यंत चालतं. त्याला वेळ आहे, मला नव्हता.

हे सगळं तू सांगशील तर तो ऐकणार नाही, मोठ्या भावाचं कोण ऐकतं? येत्या रविवारी त्याला सकाळच्या गाडीने माझ्याकडे पाठव. बांभोरीच्या पुलाजवळची एक केस आहे, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. दिवसाचे तीनशे देईन, जेवण माझ्याकडे. येताना चार भरिताची वांगी घेऊन ये म्हणावं, इथली सगळी बियांनी भरलेली.

तुझा,
गुलाब